दोघांची साक्ष जुळली म्हणजे काय सिद्ध झालं? हिल दांपत्य, संमोहन आणि तुमचा मामेभाऊ

तुमचा प्रश्न आणि सोबत पाठवलेले हिल प्रकरणावरचे व्हिडिओ मिळाले. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही घोटाळा असेल तर इथेच कळेल. अमेरिकेतलं बेटी आणि बार्नी हिल हे जोडपं. १९६१ साली परग्रहवासीयांनी आपल्याला यानात नेऊन तपासलं, असं ते सांगत. बॉस्टनच्या एका नावाजलेल्या डॉक्टरने दोघांना वेगवेगळं संमोहित केलं, दोघांची कहाणी जुळली, आणि हे लोक थापा मारत नाहीत असं डॉक्टरचंही मत पडलं. मग हे नाकारायचं कशाच्या जोरावर, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जरा संकोचतच, मामेभावाचा विषय काढलाय: आंबोली घाटात रात्री गाडी चालवताना त्याचा तास-दीड तास 'गायब' झाला, आणि आता कुणीतरी 'रिग्रेशन' करून, म्हणजे संमोहनात मागच्या काळात नेऊन, तो तास परत मिळवून देतो म्हणतोय.

माझ्या मते खरा प्रश्न शेवटचाच आहे. पण त्याचं उत्तर हिल प्रकरणातूनच नीट मिळतं, म्हणून आधी तिकडे जाऊ.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. संमोहन शिकलोय आणि अजूनही वापरतो: जुनाट दुखणं, दाताच्या डॉक्टरकडे जायची धास्ती, काही प्रकारची चिंता. तेव्हा 'संमोहन म्हणजे थोतांड' म्हणणाऱ्यांतला मी नाही. आकाशात दिसलेला दिवा ग्रहाचा, विमानाचा की आणखी कशाचा, हे खगोलवाल्यांनी सांगावं. परग्रहावर कुणी आहे का, हेही मला माहीत नाही. या प्रकरणापुरती त्याची गरजही पडत नाही.

कुठल्याही पेशंटची हिस्ट्री, म्हणजे आधीची हकिगत, घेताना मी सगळ्यात आधी एक गोष्ट विचारतो. हे तुम्ही पहिल्यांदा कुणाला सांगितलंत, कधी, आणि तेव्हा नेमकं काय सांगितलंत? आजची कहाणी कितीही भरीव असली तरी पहिली कहाणी वेगळी काढून ठेवायची. हिल प्रकरणात ते करता येतं, कारण बऱ्याच तारखा नोंदलेल्या आहेत. आणि तारखा ओळीने लावल्या की अर्धं काम होतं.

१९ सप्टेंबर १९६१ ची रात्र. हिल दांपत्य नायगारा आणि मॉन्ट्रियलची छोटी सुट्टी आटोपून न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथला, घरी परतत होतं. कोलब्रुक गावात खाऊन रात्री दहाच्या सुमाराला निघाले. डोंगराळ, निर्मनुष्य रस्ता, सोबत डेल्सी नावाची कुत्री. चंद्राजवळ एक तेजस्वी ठिपका दिसला, तो पाठलाग करतोय असं वाटू लागलं. गाडी थांबव, दुर्बिणीतून बघ, पुन्हा निघ, असं बराच वेळ चाललं. इंडियन हेड नावाच्या जागेजवळ बार्नी दुर्बीण घेऊन शेतात उतरला, आणि घाबरून पळत गाडीकडे आला: हे आपल्याला पकडणार! मग बीप बीप असे आवाज, आणि पुढच्या काही मैलांचं काही आठवत नाही. घरी पोचले तेव्हा उजाडत होतं.

दोन दिवसांनी त्यांनी जवळच्या हवाई दलाच्या तळावर कळवलं. त्यात प्रकाशाचं वर्णन आहे, माणसांचं नाही. बार्नीला वेडा ठरण्याची भीती होती, असं तो नंतर म्हणाला, आणि ते मला पटतं. ऑक्टोबरमध्ये बॉस्टनच्या हेडन तारांगणातले वॉल्टर वेब घरी येऊन तासन्‌तास बोलले, तेव्हा बार्नीने दुर्बिणीतून गणवेशातल्या आकृत्या दिसल्याचं सांगितलं. हा भाग कुठल्याही संमोहनाच्या आधीचा आहे. हिल प्रकरणाच्या बाजूने जे काही वजनदार आहे ते इथे आहे, आणि टीकाकार ते पटकन ओलांडून जातात. मी ओलांडणार नाही. बार्नीला काहीतरी दिसलं आणि तो मनापासून घाबरला, हे मी धरून चालतो.

पण यानात नेलं, टेबलावर झोपवलं, बेंबीत सुई घातली, ताऱ्यांचा नकाशा दाखवला, यातलं काहीही तोवर कुणी म्हटलेलं नाही. ते आलं बेटीच्या स्वप्नांतून. प्रवासानंतर दहाएक दिवसांनी तिला लागोपाठ पाच रात्री स्वप्नं पडली. रस्ता अडवणारी बुटकी माणसं, यान, तपासणी, सुई, नकाशा, सगळं त्यांत आहे. नोव्हेंबरात तिने ती लिहून काढली. मधल्या काळात तिने वाचनालयातून उडत्या तबकड्यांवरचं एक पुस्तक आणलं होतं आणि त्याच्या लेखकाला पत्रही पाठवलं होतं. तिच्या बहिणीने काही वर्षांपूर्वी तबकडी पाहिल्याचं सांगितलं होतं, तेही घरात माहीत होतं.

आणि तो प्रसिद्ध 'हरवलेला वेळ'? त्याचा विषयही नोव्हेंबरात निघाला. भेटायला आलेल्या चौकशी करणाऱ्यांनी विचारलं, एवढ्या अंतराला एवढा वेळ कसा लागला? तोपर्यंत नवराबायकोच्या हे डोक्यातही नव्हतं. किती वेळा थांबलो, किती हळू चाललो, कुठल्या आडरस्त्याला वळलो याचा हिशेब दोन महिन्यांनी कोण लावणार? मी तुम्हाला मागच्या दिवाळीच्या परतीच्या प्रवासाबद्दल असं विचारलं तर तुमचाही तास-दोन तासांचा हिशेब लागणार नाही.

संमोहन झालं ते जानेवारी ते जून १९६४ मध्ये. म्हणजे स्वप्नं लिहून काढल्यावर दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. या दोन वर्षांत बेटीने ती स्वप्नं आल्यागेलेल्यांना सांगितली, आणि सांगताना बार्नी बहुतेक वेळा शेजारच्या खुर्चीत होता.

'वेगवेगळं संमोहित केलं' या वाक्याची सगळी जादू इथे उतरते. बॉस्टनचे ते डॉक्टर, म्हणजे डॉ. बेंजामिन सायमन, यांनी आपल्या बाजूने चोख काम केलं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळात सैनिकांवर उपचार केलेला अनुभवी माणूस. प्रत्येकाचं सेशन स्वतंत्र, आणि सेशनमधलं बाहेर आठवू नये अशी सूचनाही ते देत, म्हणजे दोघं घरी जाऊन ताळा जुळवणार नाहीत. पण १९६४ साली दार लावून, १९६१ पासून एका घरात झालेली बोलणी कशी बाहेर ठेवणार?

हे कसं होतं ते दवाखान्यात रोज दिसतं. एक जोडपं माझ्याकडे येत असे, घरात चोरी झाल्यावर बाईंची झोप उडाली होती. पहिल्या भेटीत नवरा सांगत होता, मी उठलो, दार उघडं दिसलं. बाई मध्येच म्हणाल्या, "अहो, आधी कुत्री भुंकत नव्हती का?" ते थबकले आणि म्हणाले, "हो हो, भुंकत होती बहुतेक." पुढच्या फॉलो-अपला बाई बाहेर बसल्या होत्या. नवऱ्याने सुरुवातच अशी केली: "कुत्र्यांच्या भुंकण्याने मला जाग आली, डॉक्टर." 'बहुतेक' गेलं होतं. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना आता ते भुंकणं ऐकू येत होतं. मी दोघांना दोन खोल्यांत बसवून जबाब घेतले असते तर छान जुळले असते.

आता बघा, काय जुळलं आणि किती. बेटीने संमोहनात सांगितलेली हकिगत मुख्यतः तिच्याच लिहून ठेवलेल्या स्वप्नांशी जुळते. काही तपशील मात्र बदलले. स्वप्नातल्या माणसांना मोठाली नाकं होती, ती संमोहनात नाहीशी झाली. बार्नीची यानातली हकिगत त्रोटक आहे, कारण आपण बहुतेक वेळ डोळे मिटून घेतले होते, असं तो सांगतो. त्याचा भर आधीच्या प्रसंगावर, दुर्बिणीतून पाहण्यावर आहे. तिथे तो सेशनमध्ये अक्षरशः किंचाळतो. आणि त्याला दिसतं काय? एक चेहरा तांबड्या केसांच्या आयरिश माणसासारखा वाटतो, दुसऱ्याला पाहून नाझी आठवतो. आयरिश का, याचा विचार करताना तो स्वतःच म्हणतो की आयरिश लोक आमच्याशी सहसा शत्रुत्वानेच वागतात.

इथे जरा थांबतो, कारण व्हिडिओवाले हे सांगत नाहीत. बार्नी काळा होता, बेटी गोरी. न्यू हॅम्पशायरमध्ये असा विवाह कायदेशीर होता, पण अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत तो १९६७ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गुन्हाच होता. बार्नी बॉस्टनच्या पोस्टात रात्रपाळी करायचा, त्यासाठी रोज लांबचा प्रवास. अल्सर, रक्तदाब. नागरी हक्कांच्या कामात पुढे. सुट्टीवर निघताना सोबत पिस्तूल घेतलेलं. रात्री अनोळखी डोंगराळ मुलुखात, गोरी बायको शेजारी, आणि मागे लागलेला एक दिवा. असा माणूस समोर बसला असता तर मी त्याला परग्रहाबद्दल शेवटी विचारलं असतं. त्याची भीती आली कुठून याचं एकच उत्तर आहे असा माझा दावा नाही. पण ती भीती खरी ठरवायला यान लागतंच असं नाही, एवढं नक्की.

डॉ. सायमन यांचं स्वतःचं मत काय होतं, हे तुमच्या प्रश्नात अर्धंच आलंय. दोघं जाणूनबुजून खोटं बोलत नाहीत, हे त्यांनी म्हटलं, बरोबर. पण अपहरण झालं असं त्यांना वाटलं नाही. बेटीची स्वप्नं हा मूळ स्रोत, आणि बार्नीने ती ऐकून आत्मसात केली, असा त्यांचा निष्कर्ष. १९६६ साली या प्रकरणावर पुस्तक आलं, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी सांगून ठेवलंय की संमोहनातून मिळतं ते पेशंटला वाटणारं, त्याने मानलेलं सत्य, आणि ते प्रत्यक्ष घडलेल्याशी जुळेलच असं नाही. ज्या डॉक्टरची साक्ष काढली जाते तोच हे म्हणतोय.

त्यांच्या नंतर यावर बरंच काम झालं. मॉन्ट्रियलच्या दोन संशोधकांनी १९८३ साली संमोहनाला चटकन प्रतिसाद देणारी २७ माणसं घेतली. मागच्या आठवड्यातली एक रात्र निवडायला लावून, त्या रात्री मोठ्या आवाजांनी जाग आली होती, अशी सूचना संमोहनात दिली. नंतर शुद्धीत विचारलं तर १३ जणांनी ते आवाज ऐकल्याचं सांगितलं. काहींना तर सूचना दिल्याचं सांगितल्यावरही ते आवाज खरेच वाटत होते. १९८५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने निष्कर्ष काढला, की संमोहनातल्या आठवणी साध्या आठवणींपेक्षा अचूक नसतात, उलट कमी भरवशाच्या असू शकतात. त्याआधी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात आल्विन लॉसन नावाच्या प्राध्यापकाने, तबकड्यांबद्दल फारसं माहीत नसलेल्या लोकांना संमोहित करून, 'समजा तुम्हाला नेलं' म्हणून सांगायला लावलं. त्यांनीही ऐसपैस अपहरणकथा सांगितल्या.

यामागचं कारण गूढ नाही. संमोहनात माणूस सूचनेला मोकळा होतो, आणि 'मला आठवत नाही' म्हणण्याचा उंबरठा खाली येतो. एरवी जिथे आपण थांबू तिथे तो काहीतरी देतो, चित्र स्पष्ट असतं, आणि चित्र स्पष्ट म्हणून ते खरं वाटतं. खात्री वाढते, अचूकता तिथेच. त्यातून प्रश्न कसा विचारला यावर सगळं अवलंबून. 'मग काय झालं?' विचारलं तर एक उत्तर येतं. 'ते किती जण होते?' विचारलं की 'ते' होते हे गृहीत धरूनच पेशंट मोजायला लागतो.

"पण तो किंचाळला, घामाघूम झाला, हे नाटक कसं?" नाटक नाहीच. हार्वर्डमध्ये रिचर्ड मॅकनॅली, सुसान क्लॅन्सी आणि सहकाऱ्यांनी अपहरण झाल्याचं मानणाऱ्या लोकांना त्यांच्याच कहाणीच्या ध्वनिफिती ऐकवल्या आणि नाडी, घाम, स्नायूंचा ताण मोजला. शरीराची प्रतिक्रिया खऱ्या आघातातून गेलेल्या लोकांइतकी तीव्र निघाली. मन जे खरं मानतं त्याला शरीर उत्तर देतं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात झोपेतून अर्धवट जाग येऊन हातपाय न हलण्याच्या अनुभवाने झालेली होती. आपल्याकडे ह्यालाच भूत छातीवर बसलं म्हणतात. हिल दांपत्याला मात्र हे स्पष्टीकरण लावू नका, ते जागे होते आणि रस्त्यावर होते. एकच किल्ली सगळ्या कुलपांना लावायची सवय संशयवाद्यांनाही असते.

त्याच जातीचा आणखी एक युक्तिवाद म्हणजे डोळ्यांचा. बार्नीने कानाकडे वळलेले लांबोळके डोळे वर्णन केले ते २२ फेब्रुवारी १९६४ च्या सेशनमध्ये, आणि तसे डोळे असलेला प्राणी एका टीव्ही मालिकेत १० फेब्रुवारीला दाखवला होता. योगायोग मजेशीर आहे. पण बार्नीने तो भाग पाहिला होता हे कुणी दाखवलेलं नाही, आणि आपण असल्या मालिका बघतच नव्हतो असं बेटी म्हणत असे. मी तरी यावर काही उभारणार नाही.

ताऱ्यांच्या नकाशाचं थोडक्यात. बेटीने संमोहनानंतर काढलेल्या ठिपक्यांच्या आकृतीवरून मार्जरी फिश या शिक्षिकेने मणी आणि दोरे टांगून जवळच्या ताऱ्यांची प्रतिकृती केली आणि झीटा रेटिक्युली हा जोडतारा 'सापडला'. चिकाटी अफाट. पण ठिपके थोडे आणि तारे भरपूर असले, कोणते घ्यायचे न् कोणते सोडायचे हे आपल्याच हातात असलं, की काहीतरी जुळतंच. पुढे हिपार्कोस उपग्रहाने अंतरं नव्याने मोजली आणि त्या जुळणीतले काही तारे जागचे हलले. पुरावा म्हणून दाखवतात तो बेटीचा फाटलेला ड्रेस, बुटांचे ओरखडे, गाडीच्या डिकीवरचे चकचकीत गोल यांचं मी सोडून देतो. त्यातून कुणालाच काही ठाम मिळालं नाही.

आतापर्यंतचं एकत्र धरायचं तर: दिवा दिसला, भीती खरी, बार्नीच्या आकृत्या संमोहनापूर्वीच्या. यानातला सगळा भाग आधी स्वप्नात आला, मग घरात बोलला गेला, मग संमोहनात 'आठवला'. त्या भागापुरतं दोघांचं जुळणं पुरावा म्हणून जवळजवळ काही मोलाचं नाही. हे मत मी बदलेन, पण कशावर? स्वप्नांच्या आधीची, बार्नीच्या हातची, यानातल्या तपासणीची नोंद सापडली तर. तशी कुणाला दाखवता आलेली नाही.

आता मामेभाऊ. त्याची गोष्ट ऐकली तर गावाकडची माणसं एका शब्दात निकाल देतील: चकवा. तो निकाल आणि 'परग्रहवासी' हा निकाल, दोन्हींत रिकाम्या जागेत आधीच तयार असलेली गोष्ट बसवलेली असते. रिग्रेशनवालाही तेच करणार. फरक एवढाच, की तो पैसे घेऊन करेल आणि मामेभावाला ती गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी दिसू लागेल. गेला जन्म काढणारे, लहानपणचा अत्याचार काढणारे, अपहरण काढणारे, यांचं तंत्र एकच असतं. कुणाकडे जाल त्यावर काय निघेल ते ठरतं. अशा सेशननंतर आलेल्या लोकांची भीती उतरवायला मला मूळ तक्रारीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण आता त्यांच्याकडे चित्र असतं. तेव्हा माझं उत्तर: जाऊ देऊ नका. निदान आत्ता नाही.

मग करायचं काय, हे बरंच त्याच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुम्ही ती सांगितलेली नाही. वय काय, घोरतो का, दिवसा पेंगतो का? मधुमेह आहे का, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी घेतली होती का, थोडी दारू घेतली होती का? (हे तुम्ही विचारू नका, डॉक्टरला विचारू द्या, भावाला माणूस खरं सांगत नाही.) असं पूर्वी कधी झालंय का: बोलता बोलता टक लावून बसणं, ओठ चावणं, हाक मारली तरी ओ न देणं, नंतर काही न आठवणं? फिट म्हणजे हातपाय झाडणंच असं लोक समजतात. मेंदूच्या बाजूच्या भागातून येणारी फिट बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही, आणि मधला काळ पुसला जातो.

सगळ्यात शक्य कोटीतलं म्हणाल तर साधा थकवा. ओळखीचा घाट, धुकं, रात्र, एकटा माणूस: गाडी नीट चालते, पण आठवण नोंदली जात नाही. किंवा बाजूला लावून डोळा लागला आणि लागला हेच कळलं नाही. पण साधं म्हणून तपासायचं नाही असं करू नका. आधी एखाद्या चांगल्या फिजिशियनकडे न्या, साखर आणि रक्तदाब बघू द्या. त्यांना गरज वाटली तर न्यूरॉलॉजिस्ट, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी), झोपेची तपासणी. हे सगळं नॉर्मल आलं आणि तरीही तो अस्वस्थ असेल तर आमच्यासारख्याकडे, पण अस्वस्थतेसाठी. तास शोधायला नव्हे.

आणखी एक, हे आजच करा. त्याला एकट्याला बसवा, मोबाइल बाजूला, आणि जे आठवतंय ते हाताने लिहायला सांगा. कुठून किती वाजता निघाला, शेवटचं ओळखीचं ठिकाण कोणतं, त्यानंतरचं पहिलं कोणतं. जिथे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असंच लिहायचं, अंदाज नको. खाली तारीख आणि सही. तुम्ही शेजारी बसून आठवण करून देऊ नका, आणि ते होईपर्यंत मला पाठवलेले ते व्हिडिओ त्याला दाखवू नका. पेट्रोलची पावती, फास्टॅगचे मेसेज, फोनचा कॉल लॉग, लोकेशन हिस्टरी चालू असेल तर ती, हे वेगळं काढून ठेवा. आधी त्याचं लिहून होऊ द्या, मग ताळा बघा. बऱ्याचदा 'गायब' तास तिथेच सापडतो.

आणि तपासण्या होईपर्यंत गाडी दुसऱ्याला चालवू द्या. घाटात तर नक्कीच.